तिसऱ्या मजल्यावरचे काका

दार ठोठावायला तिने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. चौकटीचा रंग अजून ओला होता. मग तिने बाहेरूनच हाक मारली.

"दादा, मी आहे."

"उघडंच आहे. कडेला टेकू नकोस, कपडे खराब होतील."

मुलांच्या वसतिगृहाचा सगळा तिसरा मजला रंगवून झाला होता. विद्यापीठाचा पंधरावा वर्धापनदिन आठवड्यावर आला होता. राहिल्या होत्या त्या फक्त या खोलीच्या आतल्या भिंती. खोली रिकामी झाल्याशिवाय रंगारी आत पाऊल टाकायला तयार नव्हते, आणि खोली रिकामी करत नव्हता तो तिचा सख्खा मोठा भाऊ.

सकाळी कुलसचिवांनी तिला बोलावून घेतलं होतं. ती रसायनशास्त्र विभागात नुकतीच शिकवायला लागलेली. खुर्ची पुढे करून ते जरा ओशाळल्यासारखेच बोलले होते. "मॅडम, तुम्हाला सांगायला जिवावर येतं. पण आम्ही गेलो तर ते सरळ गेटवर उपोषणाला बसतील. तेही नेमके पाहुणे यायच्या दिवशी."

त्यानंतर दोन तास तिने वर्गात घालवले, मग प्रयोगशाळेत उभ्याने. आता पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि बोटांना आम्लाचा वास येत होता. ती त्याच्या पलंगाच्या कडेवर बसली.

तो पहिल्या तुकडीतला. तेव्हा इथे एक इमारत होती आणि बाकी सगळं माळरान. नळाला पाणी आलं ते त्याच्या घोषणांनी, वाचनालय सुट्टीतही उघडं राहायला लागलं ते त्याच्या धरण्यामुळे. मुलींचं वसतिगृह तर त्याने अक्षरशः भांडून उभं करायला लावलं. ते झालं म्हणून बाबांनी तिला शिकायला पाठवलं. ती शिकली, संशोधन केलं, नोकरीला लागली. तो मात्र इतिहासातून कायद्याला गेला, कायदा अर्धा टाकून ग्रंथालयशास्त्राला. दर परीक्षेच्या तोंडावर कुणाचं तरी काहीतरी निघायचं, आणि हा पेपर सोडून धावायचा. सुरुवातीला त्याला सगळे अध्यक्ष म्हणत. मग दादा म्हणायला लागले. तिच्या हक्काची हाक सगळ्या वसतिगृहाने वाटून घेतली. आज ती पहिल्यांदाच इथे आली आणि जिन्यात खोली विचारली, तर उतरणारा मुलगा म्हणाला, "काकांची ना? शेवटची."

"रजिस्ट्रारनं पाठवलं?" त्याने शेगडीवर चहाचं पाणी ठेवलं.

"हो."

"पक्का माणूस आहे. दुसरं कुणी आलं असतं तर चांगला भांडलो असतो."

"मग माझ्याशी भांड."

"तुझ्याशी काय भांडायचं? तोंड बघ, किती उतरलंय."

तिने मनाशी बरंच जुळवून आणलं होतं. ओळखीच्या वकिलांकडे काम आहे, गावात भाड्याची खोली मिळेल, वय वाढत चाललंय. त्यातलं काहीच तोंडातून बाहेर पडेना. तो चहात साखर घालत होता. कानामागचे केस पांढरे झालेले तिला आजच दिसले.

"बाबा विचारत होते," ती म्हणाली.

चमचा थांबला. कायदा अर्ध्यावर सोडला त्या दिवशी बाबांनी त्याला सांगितलं होतं, पदवी घेतल्याशिवाय घराची पायरी चढायची नाही. तो ती चढला नव्हता. आईच अधूनमधून येऊन त्याला भेटून जायची.

"काय? झाला का एकदाचा पास?"

"नाही. त्याच्या खोलीत ऊन येतं का, असं."

तो खिडकीकडे बघत राहिला. चहा उतू जायला आला तेव्हा तिनेच उठून शेगडी बंद केली.

"येतं की," तो म्हणाला. "दुपारनंतर येतं. तू काय सांगितलंस?"

"मला कुठे माहीत होतं? म्हटलं, बघून सांगते."

दोघांनी चहा प्यायला. खाली कुणीतरी माइक तपासत होतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा.

"इतके लोक आले," तो कप विसळत म्हणाला, "सगळे म्हणाले खोली सोड. सोडून कुठे जायचं, ते कुणी बोलत नाही."

"घरी चल."

"आत्ता?"

"आत्ताच. उद्या पुन्हा हे तीन जिने चढायचं बळ नाही माझ्यात."

तो हसला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं. मग पलंगाखालून पिशव्या ओढल्या. दोन पिशव्यांत सगळं मावलं. कोपऱ्यातल्या कापडी फलकांच्या गुंडाळ्या त्याने उचलल्या, क्षणभर धरल्या आणि परत कोपऱ्यात उभ्या केल्या. गादी नीट झटकून ठेवली. येणाऱ्याला उपयोगी पडेल, म्हणाला.

मुख्य फाटकावर नवा रखवालदार होता. समारंभासाठी बाहेरून मागवलेला, कडक इस्त्रीच्या गणवेशातला. सामान बघून तो आडवा आला. तिचं ओळखपत्र त्याने पाहिलं आणि सलाम केला. मग तिच्या भावाकडे वळला.

"आणि साहेब, आपण कुणाकडे आला होतात?"

तिला एकदम राग आला. हे कोण आहेत माहीत आहे का, असं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा. पण दादाने पिशवीसकट हात जरासा वर केला.

"बहिणीला न्यायला आलो होतो," तो म्हणाला.

"असं होय! या, या." रखवालदाराने बाजूचं लहान दार उघडून धरलं.

बाहेर पडल्यावर तिने त्याच्या हातातली एक पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्याने ती दिली नाही.