शिवणीखाली गेलेली वाट

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. मला भूगोल सांगायचा नाही. मला माझी भीती सांगायची आहे.

समुद्र पाहायला जायचे म्हणून एका तरुण शिंप्याने मला विकत घेतले. जाणे राहून गेले. कपाटात घडीवर झिजत झिजत मी एके दिवशी मधोमध फाटलो. त्याने मला कापड जोडावे तसे जोडले: एका तुकड्यावर दुसरा बोटभर चढवून, खळ लावून. पाहणारे म्हणत, "काय सफाई आहे हाताला!" मी मात्र धास्तावलो. बोटभर मुलूख त्या शिवणीखाली गाडला गेला होता, आणि माझे एक बोट म्हणजे जमिनीवरचे पाच किलोमीटर.

पुढे त्याची बायको हृदयाच्या दुखण्यातून उठली. समुद्रकाठच्या देवस्थानापर्यंत पायी जायचे दोघांनी ठरवले. डॉक्टरांनी बजावले, दिवसाला पंधरा किलोमीटर, त्यापुढे पाऊलही नाही. शिंपी मला मेजावर पसरून तीन तीन बोटे मोजी आणि प्रत्येक मुक्कामावर टाचणी टोची.

"अहो, वाट आखताय की सदरा बेतताय?"

"तुझ्या दमाचं माप घेतोय. तंग नको व्हायला."

नववी टाचणी शिवण ओलांडून रुतली, तेव्हा मला ओरडावेसे वाटले. पण कागदाला तोंड नसते.

आठ दिवस मी पिशवीत जीव मुठीत धरून होतो. नवव्या दिवशी ऊन कलले, बाटलीतले पाणी संपले, तरी गाव दिसेना. ती चढावर एका दगडावर बसली. तिचे ओठ निळसर पडले होते.

"अजून किती?"

"आलंच गं."

"दुपारपासून आलंच! गिऱ्हाइकांना सांगता तसं मला नका सांगू."

त्याने मला गुडघ्यावर उघडले. वाटेवरून फिरणारे त्याचे बोट जोडावर थबकले. दोन पदरांची जाडी शिंप्याच्या बोटाला कळली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, मी इथे वाटच मुडपलीये."

तो नखाने खळ उकलू लागला. मित्रांनो, मी पुन्हा फाटत होतो, आणि लवकर फाटावे म्हणून तळमळत होतो. अखेर ती पट्टी उजेडात आली. गाव अजून दूर होते; पण चढाच्या वळणाआड विहिरीचा निळा ठिपका होता. मला तिच्या मांडीवर टाकून तो बाटली घेऊन धावला. तो परत येईपर्यंत तिचा श्वास माझ्या कागदावर अडखळत होता. ते क्षण मी अजून विसरलेलो नाही.

पाणी आले. ती घोट घोट प्यायली. हळूहळू तिच्या ओठांचा रंग परतला.

"खळ आणून पुन्हा जोडतो याला," तो म्हणाला.

"नको. एक तुकडा तुम्ही धरा, एक मी धरते."

रोज दोनच बोटे चालत ते समुद्रापाशी पोहोचले. आज मी कपाटात दोन तुकड्यांत पडून आहे. कोणी खळीची वाटी उचलली की अजूनही माझ्या कडा थरथरतात. मित्रांनो, फाटलेले जरूर जोडा. फक्त जोडण्यापूर्वी खाली काय झाकले जाते आहे, तेवढे एकदा पाहा.