मागच्या सीटवर बंडूजी

नवी गाडी घ्यायची तर आधी कोणाला भेटायचं, हे पिपरी मेघेत कोणालाही विचारा. बोट माझ्या मोटारपंपांच्या दुकानाकडेच दाखवतील. आजवर एकवीस जणांच्या गाड्या मी पसंत केल्या. फी एक चहा, पण चहा पाजणाऱ्याला खरं ऐकून घ्यावं लागतं. पोरगा म्हणतो म्हणून सनरूफ घेणाऱ्याला मी विचारतो, बाबा रे, मे महिन्यात वर्ध्याचं ऊन छतातून आत घ्यायची तुला कसली हौस? सव्वापाच फुटी माणसाला ट्रकएवढी गाडी हवी असते, कारण साडूने घेतली. टायर कोणी पाहत नाही, स्क्रीन केवढी ते पाहतात. एअरबॅगा मोजून घेतात आणि सीटबेल्ट पाठीमागे अडकवून बसतात. असलं काही पाहिलं की माझं डोकं सटकतं.

माझी स्वतःची गाडी म्हणजे नऊ वर्षांची पांढरी डिझेल सेडान. बसकी, लांब, रस्त्याला चिकटून चालणारी. नागपूर रोडवर वेगात असली तरी पोटातलं पाणी हलत नाही. उंच टपाच्या गाड्यांना मी डबा म्हणतो. वळणावर डोलतात, वारा आला की घाबरतात.

आणि असला एक डबा माझ्याच दारात येऊन उभा राहिला. धोंड्याचा महिना होता. मुलगी आचल, जावई धीरज आणि धीरजचे वडील प्रभाकरराव नागपूरहून जेवायला आले, ते नव्या कोऱ्या उंच गाडीतून. पानात अनारसे पडायच्या आत आचलने विषय काढला.

"बाबा, आता सेडान विका. आईसाठी अशी उंच गाडी घ्या."

"तुह्या आईले गाडीतलं काय समजते? तिले त कुठं जायाचंच नसते."

हे खोटं नव्हतं. माझी बायको शकुंतला एकेकाळी फिरायची मोठी हौशी. मी किल्ली हातात घेतली की ही चपला घालून दारात. पण सहाएक वर्षांपासून कुठेही चल म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुमीच जाऊन या." टीव्हीच्या मालिकांनी बिघडवली, असं मी चारचौघांत सांगत असे. आत्ताही ती पानात अनारसे वाढत राहिली.

आचल मात्र हट्टाला पेटली. शेवटी मी म्हटलं, "चाला, परीक्षाच घेऊ. आज माह्या गाडीनं केळझरच्या गनपतीले जाऊ, उद्या तुमच्या गाडीनं पवनारले. माही हरली त विकतो." चाकामागे मीच असणार, तेव्हा निकालाची मला काळजी नव्हती.

जेवणं झाली, सगळे बाहेर आले आणि धीरज हसत म्हणाला, "मामाजी, आज मी चालवू का तुमची गाडी?"

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं. त्याने अंगठी मागितली असती तर मी आनंदाने दिली असती. किल्ली देताना जिवावर आलं, पण दिली. शेजारची सीट मानाची, म्हणजे व्याह्यांची. प्रभाकरराव आपसूक तिथे जाऊन बसले आणि सीट मागे सरकवून त्यांनी पाय लांब केले. उरली मागची सीट. उजव्या खिडकीशी शकुंतला, डाव्या खिडकीशी आचल आणि मधे मी.

नऊ वर्षांत त्या सीटवर मी एकदाही बसलो नव्हतो. ज्या एकवीस गाड्या पसंत केल्या, त्यांच्याही मागे कधी बसलो नव्हतो. गाडी पाहायची म्हणजे किल्ली फिरवून पाहायची, अशी माझी समजूत.

सेलूपर्यंत माझं सगळं लक्ष धीरजच्या गिअर टाकण्याकडे होतं. सेलू सुटलं आणि गुडघे बोलायला लागले. पायाखाली मधला उंचवटा, त्यामुळे गुडघे पार छातीशी आलेले. समोर रस्त्याऐवजी व्याह्यांचं टक्कल. प्रत्येक गचका थेट कमरेत. या रस्त्याला इतके खड्डे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"जरा हळू घ्या जवाईबुवा."

"चाळीसवर हाये मामाजी," धीरज म्हणाला.

केळझरला गाडी थांबली. आचल टुणकन उतरली. मी दारापर्यंत सरकलो आणि अडकलो. सीट इतकी खाली की कशावर जोर द्यावा तेच कळेना. दोनदा उठलो, दोनदा धपकन मागे पडलो. बाहेर उभे असलेले प्रभाकरराव म्हणाले, "काऊन बंडूजी, गाडी सोडवत नाई का?" धीरज तोंड फिरवून हसला.

"थांबा," शकुंतला शेजारून म्हणाली. "असं नाई जमत. आधी कडेले सरका. डावा पाय बाहीर टाका. आता वरची कडी धरा, दुसरा हात समोरच्या सीटवर. अन् उठा एका दमात. मधात थांबसान त गुडघ्यातून कळ येते."

तिने सांगितलं तसं केलं आणि उभा राहिलो. मग ती तिच्या बाजूने उतरली. अगदी तसंच, कडेला सरकून, पाय बाहेर टाकून, कडी धरून. उभी राहिल्यावर दाराला धरून डोळे मिटून थोडी थांबली.

"हे तू कुठं शिकली?" मी विचारलं.

"शिकाले काय लागते? सहा वर्षं झाले गुडघा धरल्याले. येत होतो तवा समोर तुमचं कोनी ना कोनी राहेच, मांगून असीच उतरत होतो मी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं नं. तुमी म्हनले, गाडी रोडले चिपकूनच चालली पाह्यजे. मंग मीच येनं सोडलं."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने मला कालच्या भाजीत मीठ कमी होतं अशा सुरात सांगितलं. मालिकांचा काही दोष नव्हता. हिची फिरायची हौस माझ्या गाडीने घालवली होती, आणि मी गावभर मालिकांना शिव्या देत फिरत होतो. मला फार लाज वाटली. गणपतीपुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचलं नाही.

परत निघताना मी जे केलं ते आमच्याकडे कोणी करत नाही. "इवाईबुवा, तुमी मांगं बसा," मी म्हटलं. "समोर आचलची आई बसन."

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. शकुंतलेने मला चिमटा काढला. "काय बोलून राह्यले! पाहुने हायेत ते." मी ऐकलं नाही, तिच्यासाठी पुढचं दार उघडून उभा राहिलो. व्याही मुकाट मागे बसले. सेलूपर्यंत ते फुगून होते, पुढे घरापर्यंत कण्हत होते. दारात मी त्यांना शकुंतलेची रीत सांगून बाहेर काढलं. दोन्ही हात कमरेवर ठेवून ते म्हणाले, "मान गेला त गेला बंडूजी, कंबर नका घालवू माही," आणि मोठ्याने हसले. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पवनार. धीरजने त्याच्या गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. "तुमीच चालवा," म्हटलं आणि मागे जाऊन बसलो. पुढे प्रभाकरराव, मागे आम्ही तिघं. वळणावर गाडी डोलली. ती डोलतेच, त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

धाम नदीच्या पुलाजवळ धीरजने गाडी बाजूला घेतली. मी लगबगीने उतरून शकुंतलेच्या दाराशी गेलो आणि हात पुढे केला. तिने दार उघडलं, पाय खाली सोडले, ते सरळ जमिनीला टेकले आणि ती उभी राहिली. कडी धरली नाही की माझा हात धरला नाही. तिलाच नवल वाटलं असावं, कारण ती पुन्हा आत बसली आणि पुन्हा उतरली. मग साडी सावरत नदीकडे निघालीसुद्धा.

"या नं लवकर!" पार पुढे जाऊन ती ओरडली. "काऊन उभे राह्यले तथीच?"

"विकून टाकू," एवढंच आचलला म्हणालो आणि बायकोला गाठायला पळालो.