हंगामी नेमणुकीवरचा पेन ड्राइव्ह

विषय : घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये कायम करून घेण्याबाबत.
संदर्भ : आईंनी चिरंजीवांना वेळोवेळी केलेली तोंडी विनंती.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी एक पेन ड्राइव्ह बोलतोय. बोटाच्या दोन पेरांएवढा आहे. पाठीवर एका औषध कंपनीचं नाव होतं, ते झिजून गेलं. आता मी कोणाचाच माणूस नाही.

एका परिषदेत मला फुकट वाटलं गेलं. फुकट मिळालेल्या वस्तूला माणसं दोनच जागा देतात, खिसा आणि ड्रॉवर. खिशात मी एक दुपार काढली, ड्रॉवरमध्ये बरीच वर्षं. शेजारी रबरबँड, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली आणि संपलेले सेल. संपलेले सेल या घरात कोणी टाकत नाही. कधीतरी सुधारतील अशी आशा असावी.

तिथून मला बाहेर काढलं आईंनी. आई म्हणजे घरातल्या सासूबाई, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. यंत्र अडलं की बाकीचे त्याला थापट्या मारतात, आई त्याच्याशी बोलतात. मला काढण्याचं कारण त्यांची सून. सूनबाईंना एका ग्रंथालयात सहायकाची जागा हवी होती. वयाची अट पाहता ही संधी गेली की पुढची नव्हती. परीक्षा घरूनच द्यायची होती. लॅपटॉपसमोर बसून ठरलेल्या वेळात उतारा टाइप करायचा.

लॅपटॉप चिरंजीवांचा, म्हणजे आईंच्या मुलाचा. लग्नाच्या सुमारास घेतलेला. सुरू केला की त्याच्या पोटातला पंखा विमानासारखा ओरडायचा, विमान मात्र जागचं हलायचं नाही.

"आई, मी पूर्णविराम देते, तेव्हा कुठे याचा पहिला शब्द उगवतो," सूनबाई म्हणाल्या. "अशी परीक्षा द्यायची कशी?"

"अहो, नवा घ्यायचा का?" असं त्यांनी नवऱ्यालाही विचारून पाहिलं.

"बघू," चिरंजीव म्हणाले.

आईंनी कुठेतरी वाचलं होतं, की लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काही हलके प्रकार असल्या म्हाताऱ्या लॅपटॉपवरसुद्धा पळतात. शिवाय आधी नुसते चालवून बघता येतात. पेन ड्राइव्हवर घालायचे, तो लॅपटॉपला लावायचा आणि आतल्या डिस्कला धक्का न लावता काम करायचं. पसंत पडलं तर कायम करायचं. त्याच लॅपटॉपला गोंजारत, एक अख्खी दुपार खर्चून, आईंनी माझ्या पोटात लिनक्स भरलं.

पहिल्यांदा लॅपटॉप माझ्यावरून सुरू झाला, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला. सगळं मेमरीत चढवू का?

"एवढं विचारून करतोय बिचारा, तर हो म्हणावं," असं म्हणत आईंनी होकार दिला. पुढे रोजच देत राहिल्या.

पंखा गप्प झाला. सूनबाईंनी एक अक्षर दाबलं, ते तिथल्या तिथे उमटलं. त्या दचकल्या. मग त्यांनी एक ओळ टाइप केली, आणि मागे वळून आईंकडे असं बघितलं, की मला माझ्या औषध कंपनीची लाज वाटेनाशी झाली.

तेव्हापासून मी रोज सकाळी रुजू होत असे. हंगामी माणसाच्या कालच्या कामाची आज दखल नसते, माझंही तेच. लॅपटॉप बंद झाला की वायफायचा पासवर्ड आणि मराठी कीबोर्ड साफ विसरायचा, आणि आई पुन्हा सगळं लावून द्यायच्या. तरी माझी पक्की समजूत होती, की हे सगळं माझ्या जिवावर चाललंय. पोर्टमध्ये मी ताठ बसत असे.

"अरे, याला आत कायमचं बसवूया का?" आईंनी एकदा मुलाला विचारलं. "तुझं डिस्कवरचं जुनं मात्र पुसावं लागेल."

"त्यात माझं महत्त्वाचं आहे."

"काय आहे?"

"ते बघावं लागेल."

"मग बघ."

"बघू."

परीक्षेचा दिवस उजाडला. सूनबाईंचा उतारा निम्म्यावर आला होता. डोळे पडद्यावर, बोटं धावत होती. चिरंजीव एका पाइपांच्या कारखान्यात विक्री बघतात. त्यांना गिऱ्हाइकाला पाइपांची चित्रं न्यायची होती आणि उशीर झाला होता.

"अगं, हा रिकामाच आहे ना?"

"हं," सूनबाई म्हणाल्या. त्या उताऱ्याला म्हणाल्या. चिरंजीवांनी मला ओढलं, खिशात टाकलं आणि ते निघून गेले.

खिशात मी हंबरडा फोडला. उतारा गेला, नोकरी गेली, सगळं माझ्यामुळे! ऑफिसात त्यांनी मला संगणकाला लावलं. त्या संगणकाला माझ्या पोटातलं ओ की ठो कळेना. त्याने विचारलं, ही डिस्क वाचता येत नाही, पुसून नव्याने तयार करू का? चिरंजीवांनी माउस उचलला. मी डोळे मिटले.

"बघू नंतर," ते म्हणाले, नकार दाबला आणि शेजाऱ्याचा पेन ड्राइव्ह मागितला.

घरी काय झालं ते मी संध्याकाळी ऐकलं. आई चहा घेऊन आल्या, तेव्हा पोर्ट रिकामा दिसला. कप हातातच राहिला. सूनबाई टाइप करतच होत्या. आई तशाच उभ्या राहिल्या. शेवटचा शब्द पडला, उतारा पोहोचल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "सूनबाई, याचा जीव कोणीतरी काढून नेलाय, आणि हा चालतोय गं!"

दोघींनी मग शोधून काढलं. आईंच्या रोजच्या होकारामुळे सगळं लिनक्स सुरुवातीलाच मेमरीत चढत होतं. त्यानंतर दिवसभर मी पोर्टमध्ये असलो काय, नसलो काय, सारखंच. रजेवर गेल्यावर कचेरी छान चालली असं कळल्यावर कारकुनाला जे वाटतं, ते मला वाटलं. पण लवकरच सूनबाई पास झाल्याचं कळलं, त्यामुळे फार वेळ वाटलं नाही.

त्या आता ग्रंथालयात कायम आहेत. लॅपटॉप आई वापरतात. जुन्या ऑपरेटर मैत्रिणींशी बोलताना त्या अजून "होल्ड करा हं" म्हणतात.

परवा त्यांनी विषय पुन्हा काढला. "अरे, त्या पेन ड्राइव्हचं काय ठरलं?"

चिरंजीवांनी माझ्याकडे जरा प्रेमाने बघितलं. "बघू," ते म्हणाले.

त्या शब्दाविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार मला उरलेला नाही. वाचकांना मात्र विनंती आहे, की चालू लॅपटॉपमधून पेन ड्राइव्ह ओढण्याआधी दोनदा विचारावं, आणि उत्तर ऐकून घ्यावं.

डिस्क पुसलेली नाही. अर्ज चिरंजीवांकडे प्रलंबित आहे.