गाडी मालकानेच आत आणावी

जावयाच्या गॅरेजवर एक पाटी होती: ‘गाडी मालकानेच आत आणावी व मालकानेच बाहेर न्यावी.’ गिऱ्हाइकांना वाटे, काय शिस्तीचा माणूस आहे, परक्याच्या स्टिअरिंगला हात लावत नाही. खरी गोष्ट अशी होती की जावयाकडे लायसन्सच नव्हतं. गाडी धुण्यात, घासण्यात, चमकवण्यात त्याचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण गाडी चालवण्याच्या परीक्षेत तो चार वेळा आपटला होता, आणि चारही वेळा त्याला नापास करणारे परीक्षक पुढे त्याचे सासरे झाले.

सासऱ्यांना याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उभी नोकरी त्यांनी परीक्षेच्या मैदानावर, जमिनीवरच्या पांढऱ्या रेषांकडे बघण्यात घालवली होती. चाक रेषेला टेकलं की नापास. मग उमेदवार कोणाचा कोण लागतो हे बघायचं नाही. त्यांना नुसतं येताना पाहून भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. लग्न ठरलं तेव्हा मुलीने एकदा विषय काढून पाहिला होता. ते म्हणाले, “घरात येऊ दे त्याला. रस्त्यावर नको.” पुढे ते निवृत्त झाले, पण तेव्हाही दुसऱ्या परीक्षकाकडे जाऊन पास होणं जावयाला बरं दिसेना. तो सासऱ्यांना अजूनही ‘सर’च म्हणत असे, आणि सासरे त्याला अहोजाहो करीत. दोघांचं एकमेकांशी याहून जास्त बोलणं होत नसे, त्यामुळे भांडणही होत नसे.

तर अशा या परीक्षकांना हल्ली समोरच्या माणसाचं नाक दिसत नव्हतं. कान दिसत, खांदे दिसत; मधोमध मात्र कोणीतरी ओला बोळा फिरवल्यासारखं झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे चौकटी आखलेला कागद धरला आणि रेषा कशा दिसतात म्हणून विचारलं. ते म्हणाले, “मध्ये फुगल्यात. छपाई नीट नाही.” छपाई नीट होती. बाई म्हणाल्या, हे दुखणं बऱ्याच वर्षांचं असणार, सावकाश वाढतं म्हणून लक्षात येत नाही, आणि आजपासून गाडी चालवायची नाही. यातलं शेवटचं तेवढं त्यांनी ऐकलं आणि कोणाला सांगितलं नाही.

सांगायचं तरी कसं? बायको गेल्यापासून ते एकटे राहत. मुलीला कळलं असतं तर आधी गाडीची किल्ली गेली असती, मग घराला कुलूप लागलं असतं आणि त्यांची रवानगी मुलीच्या घरातल्या मागच्या खोलीत झाली असती. गाडीत बसलं की ते अजून परीक्षक होते. गाडी गेली की मागे उरणार काय, तर फाटक उघडायला एक म्हातारा. म्हणून ते ओळखीच्या रस्त्यांवरून बैलगाडीच्या वेगाने गाडी नेत, आणि मागचे हॉर्न ही नव्या पिढीची बेशिस्त समजत.

घोळ त्या फाटकानेच केला. फाटक गंजलं होतं, म्हणून त्यांनी फवारणीचा पंप आणून ते स्वतः रंगवलं. वारा सुटला होता आणि गाडी पलीकडेच उभी होती. दुसऱ्या दिवशी सवयीने बॉनेटवरून हात फिरवला तर हाताला खरखर लागली. पुसलं, धुतलं, पण खरखर जाईना. शेवटी मुलगी कामावर असते ती वेळ साधून ते जावयाच्या गॅरेजकडे निघाले. जावई तोंडाचा घट्ट होता, एवढाच त्यांचा भरवसा.

गाडी आत उभी करायला जावयाने फरशीवर दोन पिवळे पट्टे मारले होते. सासऱ्यांनी खाली उतरताच पट्ट्यांकडे पाहिलं.

“पट्टे वाकडे मारलेत तुम्ही.”

“दोरी लावून मारलेत, सर.”

“मग दोरी वाकडी असेल,” सासरे म्हणाले. “बरं, ते राहू द्या. गाडीला जरा खरखर लागतेय. धूळ असेल.”

जावई गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

“फाटक रंगवलंत का, सर?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“आपल्या बुटावर शिंतोडा आहे. पांढरा.”

गडद निळ्या गाडीवर टपापासून डिकीपर्यंत किती शिंतोडे होते, हे त्याने सांगितलं नाही. त्याने गाडी धुतली, मग एक पातळ प्लास्टिकची पिशवी सासऱ्यांपुढे धरली आणि तिच्यात हात घालून बॉनेट चाचपायला सांगितलं. सासऱ्यांना हा पोरखेळ वाटला, पण त्यांनी हात घातला आणि ते चपापले. पिशवीतून कण न् कण बोटांना कळत होता. इथे दाट, इथे विरळ, इथे एक जाड ठिपका. कित्येक महिन्यांत त्यांना कुठलीही गोष्ट इतकी स्पष्ट समजली नव्हती.

“क्लेने निघेल,” जावई म्हणाला. ती क्ले म्हणजे साबणाच्या वडीएवढा राखाडी, चिवट गोळा होता. त्याने तो मळून चपटा केला, गाडीवर शाम्पूचं पाणी फवारलं आणि दोन बोटांनी वडी अलगद पुढेमागे सरकवली. आधी सरसर आवाज आला, मग कमी झाला, मग वडी नुसतीच घसरायला लागली. वडीच्या पोटाला पांढरी कणी चिकटली होती. त्याने ती घडी घालून आत दाबली आणि स्वच्छ बाजू वर काढली.

“द्या इकडे,” सासरे म्हणाले.

“जोर लावायचा नाही, सर. गोल फिरवायची नाही, सरळ न्यायची. आणि कोरड्यावर लावायची नाही, ओरखडे पडतात.”

सासरे कामाला लागले. डोळ्यांचं यात काहीच काम नव्हतं. वडी अडली की खाली घाण आहे, घसरली की नाही. यात वाद घालायला जागा नाही. डाव्या बाजूचा दरवाजा त्यांनी एकट्याने केला. जावयाने पिशवी घालून तपासला आणि म्हणाला, “मला पुन्हा करायला लागणार नाही.” सासऱ्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

आणि मग मागच्या चाकापाशी वडी हातातून सुटली. राखाडी वडी, राखाडी फरशी. ते मान तिरपी करून डोळ्याच्या कडेने शोधू लागले. काही दिसेना. बुटाने चाचपलं. शेवटी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून ते खाली वाकले आणि फरशीवर तळहात फिरवू लागले. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

जावई आला, त्यांच्या टाचेपाशी पडलेली वडी त्याने उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“पुसून घेतली असती की,” सासरे म्हणाले.

“जमिनीला लागली की संपली, सर. एक खडा चिकटला तरी सगळ्या गाडीवर ओरखडे.”

“अख्खी वडी? पहिल्याच चुकीला?”

“पहिल्याच.”

हा नियम सासऱ्यांना मनापासून पटला. माणसात काहीतरी आहे, असं त्यांना लग्नानंतर प्रथमच वाटलं. जावयाने कपाटातून दुसरी वडी आणून त्यांच्या हातावर ठेवली. ती पिवळीधमक होती.

“राखाडी संपल्या वाटतं?”

“नाही. आहेत.”

एवढंच बोलून जावई पलीकडच्या बाजूला गेला. सासऱ्यांनी वडी मुठीत झाकली. याला कळलं. कधीपासून कळलंय कोण जाणे, बहुतेक बुटावरच्या शिंतोड्यापासून. आता हा मुलीला सांगणार. त्यांनी उरलेलं काम मान खाली घालून केलं. जावई मात्र वडी फिरवत राहिला. क्ले झाल्यावर म्हणाला, “आता रंग उघडा पडलाय, सर. मेण लावल्याशिवाय बाहेर काढायचा नाही.” दोघांनी मिळून मेण लावलं, मऊ फडक्याने पुसलं. गाडी इतकी चमकायला लागली की सासऱ्यांनासुद्धा तिची चमक दिसली.

मग गाडी बाहेर न्यायची वेळ आली. पाटीप्रमाणे हे काम मालकाचं. सासरे आत बसले, इंजिन सुरू केलं, रिव्हर्स टाकला आणि बाजूच्या आरशात पाहिलं. पिवळा पट्टा चाकाजवळ येऊन फुगला होता, थेट चाकाखाली शिरला होता. उमेदवार असता तर त्यांनी तिथेच शेरा मारला असता. दोरी लावून मारलेत, सर. जावयाचं ते वाक्य त्यांना आठवलं, आणि डॉक्टरीणबाईंचा चौकटींचा कागदही. त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

“ती दोरी आहे का अजून?”

जावयाने दोरी आणली. एक टोक त्याने पट्ट्याच्या सुरुवातीला धरलं, दुसरं सासऱ्यांनी गाडीच्या मागे नेऊन ताणलं. मग जावयाला दोन्ही टोकांवर विटा ठेवायला सांगून, या वयात, ते गुडघ्यांवर बसले आणि एक बोट दोरीवर, एक बोट पट्ट्याच्या कडेवर ठेवून रांगत निघाले. दोन्ही बोटं शेवटपर्यंत एकमेकांना चिकटून गेली. चाक पट्ट्यापासून चांगलं वीतभर लांब होतं.

ते तिथेच फरशीवर बसून राहिले.

“तुम्ही थांबला होतात?” त्यांनी विचारलं. “रेषेच्या आधी?”

जावयाने फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

“हो, सर.”

“चारही वेळा?”

“दुसऱ्या वेळी टेकलं होतं. बाकी तीन वेळा नाही.”

सासऱ्यांनी मान हलवली. तीन वेळा उगाच नापास झालेला हा झाला एक जावई. त्या मैदानावरून मान खाली घालून गेलेले बाकीचे किती असतील, याचा विचार मनात आला आणि त्यांना फार, फार वाईट वाटलं. त्यातल्या एकाचंही नाव त्यांना आठवत नव्हतं. रेषा तेवढ्या आठवत होत्या.

“तुम्ही पाटी काढून टाका,” ते म्हणाले. “आणि नवा अर्ज भरा. परीक्षकाला म्हणावं, रेषा हाताने तपासा.”

“बरं, सर. आता गाडी?”

गाडी आरशासारखी चमकत होती आणि ती चालवायला दोघांपैकी एकही जण लायक नव्हता. सासऱ्यांनी खिशातून फोन काढून जावयाला दिला. “तुमच्या बायकोला लावून द्या. मला आकडे दिसत नाहीत.” हे वाक्य तोंडून निघाल्यावर त्यांना वाटलं होतं तेवढं जड वाटलं नाही.

“बाबा? काय झालं?” मुलगी घाबरली होती. ते दिवसा कधी फोन करत नसत.

“गॅरेजवर ये आणि गाडी घेऊन जा. मी नापास झालो.”

“कशात? कोणी केलं नापास?”

“मीच केलं. येताना लायसन्स घेऊन ये.”

फोन जावयाकडे परत गेला. मुलगी अजून बोलत होती. जावई नुसतं “हो, आहेत, बरे आहेत” म्हणत होता. सासरे उठले, पँट झटकली. मग खिशातून गाडीची किल्ली काढली, हातात थोडी तोलली आणि बॉनेटवर ठेवली.

जावयाने ती लगेच उचलली.

“ओरखडा पडेल, सर,” तो म्हणाला, आणि किल्ली त्याने आपल्या खिशात टाकली.