चिमाचा बंद जीन

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे समोर कुणी गप्प बसलं की मला बोलायची खाज सुटते. अठ्ठ्याऐंशीच्या मार्गशीर्षात माझी धाकटी बहीण शालन रत्नागिरीत माझ्या ओटीवर अशीच गप्प बसली होती. तिच्या पाच वर्षांच्या चिमाला थॅलेसेमिया. मेहुणे मुंबईला. दर तीन आठवड्यांनी शालन एकटी लांज्याहून एसटीनं यायची, पोरीला इस्पितळात रक्त चढवायची आणि परत जायची. रक्त देणारे शोधायचं काम माझं. सुई म्हटली की आमची माणसं धूम ठोकतात, माझ्या सगळ्या ओळखी संपल्या होत्या.

तिला धीर यावा म्हणून मी नुकतंच वाचलेलं सांगायला लागलो. "पोटातल्या बाळाचं रक्त निराळं असतं, शालन. ते बनवणारा जीन जन्मानंतर बंद होतो. पेशीत काही प्रथिनं असतात, ती जीनवर जाऊन बसतात आणि कुठला चालू, कुठला बंद ते ठरवतात. चिमाचा मोठेपणीचा जीन बिघडलाय. तो पहिला मात्र धड आहे. नुसता बंद."

"म्हंजे हिच्या अंगात चांगलं रगत करायची सोय हाय?"

"आहे."

"मंग करीत का न्हाय?"

"थोडं करतं, पुरत नाही. त्यात बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं आणखी कमी करतं."

यातलं एक अक्षर चूक नव्हतं. मी चुकीचं शिकवत नाही, असा माझा ताठा आहे.

पुढच्या खेपेला शालन आली नाही. त्यानंतरच्या दोन खेपांनाही नाही. मेहुण्यांनी मुंबईला नेलं असेल, असं मी धरून चाललो. रक्तासाठी कुणाचे पाय धरायला नकोत म्हणून, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

शिमग्याच्या तोंडावर लांज्याहून निरोप आला. मी गेलो तर चिमा पडवीत पडलेली, ओठ पांढरेफटक, पाणी मागतानाही धाप लागत होती.

"रक्त थांबवलंस? अक्कल गहाण टाकलीस काय गो?" मी ओरडलो.

"तूच बोललास ना दादा. भायेरचं मिळालं की आंग सोताचं करीत न्हाय. म्हटलं, भायेरचं थांबवलं तर आतलं बंद हाय ते उघडावंच लागंल. देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली, देवी हो म्हणाली."

देवीला शिव्या देणार होतो, पण तिला विचारलेला प्रश्न माझ्याच तोंडचा होता. आणि माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं ऐकलेल्यावरून इतका नीट विचार कधी केला नव्हता. मला स्वतःची किळस आली.

जीप करून इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हृदय थकलंय, म्हणाले, आता रक्त चढवलं तरी पेलेल असं वाटत नाही. तरी त्यांनी बाटली लावली.

शालन पोरीच्या उशाशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा, ते बंद हाय ते उघडायचं कसं?"

"कुणालाच जमलेलं नाही अजून."

"मुंबयला?"

"मुंबईला नाही. विलायतेतही नाही."

तिनं चिमाच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"मंग मला सांगितलंस कशाला?"