घड्याळ सोवळ्याबाहेर

“वसुधा रागावली तर रागावू दे. रडली तरी घाबरू नको. पण सणासुदीला ती गप बसून हसून राहिली ना, तर हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाजो.”

सरोजिनी आत्यांनी हे अवंतीला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, ओमती भागातल्या त्यांच्या घरी, खोव्याच्या जिलबीची बशी पुढे सरकवत. सरोजिनी आत्या म्हणजे अवंतीच्या सासऱ्यांची थोरली बहीण आणि वसुधा म्हणजे अवंतीची सासू. नणंद भावजयीच्या हसण्यावरही हरकत घेऊ शकते, एवढाच बोध नव्या सुनेनं त्यातून घेतला. तिनं “हो आत्या” म्हटलं, दुसरी जिलबी उचलली आणि घरी येताना स्कूटरवर केतनला, म्हणजे नवऱ्याला, आत्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली. दोघंही घर येईपर्यंत हसत होते.

त्याला सात वर्षं झाली. मधल्या काळात अवंतीचं हसणं जरा कमी झालं. प्रणोती जन्मली, आता ती चार वर्षांची होती, आणि त्या चार वर्षांत अवंतीनं जगातल्या सगळ्या टोकदार, गोल, गिळण्याजोग्या आणि गरम वस्तूंची मनातल्या मनात नोंद केली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यामुळे तिची भीती इतरांच्या भीतीपेक्षा शास्त्रशुद्ध होती. दूध उतू गेलं तर बाकीच्यांना ओटा पुसायचा असतो; अवंतीला विझलेल्या बर्नरमधून किती गॅस आला असेल, याचा हिशेब सुचत असे. शाळेची व्हॅन चार मिनिटं उशिरा आली की ती फाटकाशी उभी. सहा मिनिटं झाली की फाटकाबाहेर. दहा मिनिटं कधी झालीच नव्हती, पण तिची तयारी होती.

केतन रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. कुठल्याही बिघाडावर मीटर लावला की अर्धं काम झालं, अशी त्याची श्रद्धा. त्यानं वाढदिवसाला बायकोला मनगटावरचं घड्याळ आणलं. ते नाडी मोजायचं आणि ती वाढली की फोनवर कळवायचं. शिवाय दर मंगळवारी अवंती एका समुपदेशक बाईंशी फोनवर बोलायची. घरात हे सगळं कोणी लपवलं नाही. “बाबांना शुगर आहे, अवंतीला टेन्शन आहे,” असं पाहुण्यांना चहा देतानाच सांगून टाकत, म्हणजे साखरेचा आणि विषयाचा अंदाज येई.

वसुधाताईंना काहीच नव्हतं. “मला काय धाड भरली?” हे त्यांचं तब्येतीवरचं संपूर्ण निवेदन.

त्याच वसुधाताईंनी यंदा राखीच्या दिवशी जेवताना जाहीर केलं, “महालक्ष्म्या यावर्षी अवंती करेल. अडतीस वर्षं केलं मी. आता मी हॉलमध्ये खुर्चीवर बसीन.”

चंद्रशेखररावांचा, म्हणजे सासऱ्यांचा, घास हातात राहिला. “सगळं? सोवळंसुद्धा?”

“सगळं.”

“वा! रिटायरमेंट!” केतन म्हणाला.

सासूनं चाव्या सोडल्या म्हणून पुढचे आठ दिवस नातेवाइकांत कौतुक चाललं. अवंतीच्या मनगटावर तेव्हा एकशे चार आकडा होता.

महालक्ष्म्या तीन दिवस असतात, पण खरा दिवस मधला. त्या दिवशी उभ्या केलेल्या दोघी देवींना सोळा भाज्या, सोळा कोशिंबिरी, पुरणपोळी, आंबील आणि कढीचा नैवेद्य लागतो आणि तो सगळा सोवळ्यात करायचा असतो. पहाटे आंघोळ, धुतलेलं वेगळं पातळ, आणि त्यानंतर नैवेद्य होईपर्यंत सोवळ्याबाहेरच्या कुणालाही शिवायचं नाही. शिवलं की पुन्हा आंघोळ. अवंतीनं या सगळ्याचा तक्ता केला. कुठली भाजी किती वाजता, कुठलं पातेलं कुठल्या शेगडीवर. तो छापून फ्रिजवर चिकटवला. केतन पनागरच्या बाजारातून भाज्या घेऊन आला, तेव्हा तिनं त्या तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा सोळा भरल्या, तरी तिला सतरावी आणून ठेवावीशी वाटली.

मधल्या दिवशी सकाळी सोवळ्याचं पातळ नेसून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली, तेव्हा वसुधाताईंनी दारातूनच विचारलं, “हातात काय आहे ते?”

“घड्याळ आहे आई. समुपदेशक बाईंनी सांगितलंय काढू नका म्हणून.”

“पट्टा कशाचा आहे?”

“सिलिकॉनचा.”

“म्हणजे?”

अवंतीनं समजावून सांगितलं. मूळ वाळू, मग भट्टी, मग रसायनं. वसुधाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “वाळू शुद्धच म्हणा. पण दिसून तर रबर राहिलं. काढ.”

“आणि फोन? तक्ता फोनमध्येपण आहे.”

“फोन खिडकीत ठेव. खिडकी सोवळ्यात येत नाही.”

अडतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाशी धर्मशास्त्रावर काय वाद घालणार? अवंतीनं घड्याळ काढून उंबऱ्यावर ठेवलं. वसुधाताईंनी ते उचललं. “देते कुठंतरी ठेवून,” म्हणाल्या आणि हॉलमधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

अकरापर्यंत सगळं तक्त्याबरहुकूम झालं. अवंती स्वतःच चकित. पुरण मऊ वाटलं गेलं, आंबिलीत गुठळी नाही, नऊ भाज्या तयार. हॉलमधून प्रणोतीची बडबड, आरास ठीक करणाऱ्या केतनची खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि लवकर आलेल्या हर्षाताईंचं, म्हणजे शेजारच्या सवाष्णीचं, मोठ्यानं हसणं ऐकू येत होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी खिडकीतला फोन थरथरला. अवंतीनं मान लांबवून पाहिलं. “तुमची नाडी ११२ आहे. तुम्ही ताणात दिसता. दोन मिनिटं श्वास घ्यायचा का?”

तिला नवल वाटलं. आपल्याला तर बरं वाटतंय! मग तिला समुपदेशक बाईंचं वाक्य आठवलं की ताण आधी शरीराला कळतो, मनाला मागून. म्हणजे आपल्याला आतून काहीतरी होतंय आणि आपल्याला पत्ताच नाही. ती पडवळाची भाजी मंद आचेवर सोडून भिंतीला टेकली आणि चार मोजत श्वास घेतला, चार मोजत रोखला, सहा मोजत सोडला. मन लावून, कढीवर नजर ठेवून.

फोन पुन्हा थरथरला. ११९.

श्वास घेऊन नाडी वाढते? हे कुठेच वाचलं नव्हतं. आता तिला खरंच धडधडायला लागलं. तिनं पुन्हा श्वास घेतला. १२४. बाहेर हर्षाताई कशालातरी “काय सांगता काय!” म्हणाल्या, सगळे हसले. अवंतीला वाटलं, आपण इथे ओट्याशी कोसळणार, आंबिलीत पडणार, आणि बाहेर कुणाला कळणारसुद्धा नाही. उद्यापासून प्रणोतीच्या व्हॅनसाठी फाटकाशी कोण उभं राहील, इथपर्यंत ती पोहोचली.

१३१.

“किती आहे बघू तरी,” म्हणून तिनं सवयीनं मनगट डोळ्यांसमोर आणलं. मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या, पुरणाचा एक डाग होता आणि थोडी हळद. घड्याळ नव्हतं.

अवंतीनं दुसरंही मनगट पाहिलं. पडवळ खाली लागायला आलं होतं. मग कुणाची नाडी? आधी अर्थातच प्रणोती आठवली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी धावली. प्रणोती सोफ्यावर पालथी पडून लाडू खात होती आणि तिच्या हातात लाडवाशिवाय काही नव्हतं.

“प्रणू, मम्माचं घड्याळ कुठंय?”

“आजीला घातलं मी,” प्रणोती म्हणाली. “आजी मम्मा झाली.”

वसुधाताई खुर्चीवर बसल्या होत्या. पाठ ताठ, नवी साडी, मांडीवर दोन्ही हात. डाव्या मनगटावर सोन्याच्या पाटल्यांच्या मागे ते काळं घड्याळ. हर्षाताई त्यांना सुनेचं कौतुक सांगत होत्या आणि त्या हसत होत्या. मान हलत नव्हती, पापणी हलत नव्हती, फक्त हसू तेवढं होतं, कोणी चिकटवून ठेवल्यासारखं. कपाळावरच्या कुंकवाच्या वर घामाचे बारीक थेंब होते. पंखा पाचवर फिरत होता.

आत्यांनी पुढे सरकवलेली बशी अवंतीला तेव्हा आठवली. दुसरी जिलबीही आठवली.

“आई?”

“काय गं? कढी फुटली का?”

“तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“मला काय धाड भरली? तू आत हो. साडेबाराला नैवेद्य आहे, अजून सात भाज्या बाकी आहेत.”

सात हा आकडा बरोबर होता. ती बाई आतल्या शेगड्या हॉलमध्ये बसून मोजत होती.

अवंतीनं उंबरा ओलांडला, चार पावलं टाकली आणि सासूचा हात धरला. हात थंडगार आणि ओला होता.

“अगं शिवलीस!” वसुधाताई जवळजवळ ओरडल्या. “सगळं सोवळं... अगं, काहून शिवली तू मला? आता पुन्हा आंघोळ, पुन्हा पातळ, ते वाळलं नसेल... बारा बाया येतील...”

आणि मग त्यांना पुढचं बोलायला श्वासच मिळेना.

इथं एक चमत्कार झाला म्हणायचा. व्हॅन चार मिनिटं उशिरा आली की फाटकाशी जाणारी अवंती अगदी थंड झाली. गेल्या चार वर्षांत तिनं मनात इतक्या वेळा दवाखाने गाठले होते की खऱ्या दवाखान्याचा रस्ता तिला पाठ होता. “केतन, गाडी काढ. बाबा, तुम्ही आंघोळ करा.”

“मी? मी कशाला?” चंद्रशेखरराव म्हणाले.

“नैवेद्य तुम्ही दाखवायचा. हर्षाताई, उरलेल्या भाज्या चिरून ठेवल्यात, तक्ता फ्रिजवर आहे. पडवळ काढा, करपतंय.”

“आधी नैवेद्य होऊ दे,” वसुधाताई धापा टाकत म्हणाल्या.

“देवी थांबतील,” अवंती म्हणाली, “उभ्याच आहेत तशाही.”

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, दोनदा पाहिला. हृदय ठणठणीत होतं. तरुण डॉक्टर हिंदीत म्हणाले, “माताजी, घबराहट है आपको. कब से होती है ऐसी?”

वसुधाताईंनी केतनकडे पाहिलं, मग छताकडे. “शादी के बाद से.”

“मतलब?”

“अड़तीस साल. महालक्ष्मी के टाइम ज़्यादा. बाकी दिन थोड़ी-थोड़ी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

परतताना मागच्या सीटवर दोघीच होत्या. अवंती अजून सोवळ्याच्याच पातळात होती. अवंतीनं त्यांच्या बाजूची काच खाली केली. मग वसुधाताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “मला वाटायचं, देवी घरी येतात तेव्हा सगळ्याच बायांना असं होते. छातीत ढोल वाजतात, झोप लागत नाही. सासूबाईंना विचारलं एकदा. त्या म्हणाल्या, श्रद्धा असली की होते.”

“मग यंदा मला का दिलंत?”

“भीती वाटली म्हणून दिलं. वाटलं, खुर्चीवर बसलं की थांबेल. पण करताना हात चालत असतात, त्यात ऐकू येत नाही. बसल्यावर सगळं ऐकू यायला लागलं.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “अन् सांगू कोणाला? घरात एक आहे ना टेन्शनवाली. म्हटलं, दुसरी कशाला.”

पुढे गाडी चालवणाऱ्या केतननं आरसा उगाच सारखा केला.

“आई, श्वास घ्या बघू माझ्याबरोबर. चार मोजायचे.”

वसुधाताईंनी तीनदा घेतला. “हे तर मी आरतीत करतेच,” म्हणाल्या. पण घर येईपर्यंत घेत राहिल्या. घड्याळ त्यांच्याच हातात होतं. गेट उघडताना ते ९४ म्हणालं.

घरी नैवेद्य दोन वाजता झाला. चंद्रशेखररावांनी पीतांबर नेसून तो दाखवला, मंत्र दोनदा चुकून. भाज्या सोळाच्या चौदा झाल्या होत्या आणि पडवळ करपलेलं होतं. सवाष्णींनी स्वतःच पानं वाढली आणि स्वतःच जेवल्या. हर्षाताई म्हणाल्या, इतक्या गरम पोळ्या त्यांना या घरात पहिल्यांदाच मिळाल्या. महालक्ष्म्यांचं काही म्हणणं कळलं नाही. मुखवट्यांवर नेहमीचंच हसू होतं, आणि अवंतीनं त्या दिवशी त्याही हसण्याकडे जरा निरखून पाहिलं.

मंगळवारी समुपदेशक बाईंचा फोन आला, तेव्हा अवंतीनं पहिली वीस मिनिटं सासूला दिली. वसुधाताई दार लावून बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “चांगली आहे बाई. पण खूप विचारते.” पुढच्या मंगळवारी त्या फोनजवळ आधीच येऊन बसल्या होत्या.

त्याआधी, विसर्जनाच्याच दिवशी, मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत गेले. अवंतीनं फ्रिजवरचा तक्ता काढला आणि पेटीत ठेवण्याआधी सोळाव्या ओळीच्या खाली पेनानं लिहिलं:

“ही यादी पुढे ज्या कोणाच्या हातात पडेल तिला. भाज्या कमी पडल्या तर पडू द्या. नैवेद्याआधी एकदा हॉलमध्ये जा. तिथे खुर्चीवर आई असतील, नाहीतर तोवर मी असेन, किंवा तुमच्या घरची कोणी. ती हसत असेल. बरं आहे का विचारू नका, बरं आहे असंच म्हणेल. जवळ जाऊन हात धरा आणि थंड आहे का बघा. शिवलं तर पुन्हा आंघोळ करा, गीझर चालू आहे. पण आत्ता हे वाचून झालं की पेटी लावण्याआधी एकदा उठून तिला बघून या.”