पडद्यांवरची नावं

दिव्यानीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाफर पेंटर तीन दिवसांत चौथ्यांदा येऊन उभा राहिला, तेव्हा तिने माउसवरचा हात काढून घेतला.

"आता काय बदलवाचं, चाचा?"

"जंगल काढ पहिल्या पानावरून."

"काल तुम्हीच म्हणले ठेव म्हणून. परवा म्हणले पाचव्या नंबरवर टाक. एक काय ते ठरवा ना!"

जाफर स्टुलावर बसला आणि लगेच उठला.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. दिवाळी झाली की गावोगाव नाटकं सुरू व्हायची आणि त्याच्या दरबारापुढे, जंगलापुढे, नदीकाठापुढे माणसं पहाटेपर्यंत बसायची. पुढे फ्लेक्स आला आणि हातचं काम कमी होत गेलं. आता, २००६ च्या मे महिन्यात, नागपूरच्या एका नाट्यमहोत्सवाच्या मंडळींना हाताने रंगवलेला पडदा हवा होता. आधी काम इंटरनेटवर दाखवा, असा त्यांचा निरोप होता. दिव्यानीलाही विद्यार्थ्यांना दाखवायला एखादी खरी वेबसाइट करायचीच होती. तिने जाफरच्या कामाचे चाळीस फोटो स्कॅन केले, पडद्यांचं एक पान केलं, पाट्यांचं दुसरं. प्रत्येक फोटोखाली गाव आणि साल हवं होतं. जाफरला साल आठवायचं नाही. "मोठी पोरगी झाली ते साल टाक," असं तो सांगायचा आणि ती हिशेब लावून घ्यायची.

जंगलाचा फोटो तिनेच पहिला ठेवला होता. झाडांमागे झाडं, त्यांच्यामागे धुकं, मधून वाहणारा एक ओढा. क्लासची पोरं येता-जाता त्याच्यापाशीच थांबायची.

"चाचा, एवढा भारी पडदा आहे. काऊन काढून राह्यले?"

जाफर खिडकीपर्यंत जाऊन परत आला.

"थो माहा नाई."

"म्हणजे?"

"पोचूनं केलता. बारा वर्सं आम्ही संग काम केलं. गाडीवर नाव माहं, पाटीवर नाव माहं. लोक म्हणत जाफरचा पडदा. थो बी काई बोलला नाई, अन् मी बी नाई."

दिव्यानीने कीबोर्ड पुढे ओढला. "मंग त्याचं नाव टाकते. दोन मिनिटांचं काम आहे."

"त्याले इचारल्याबिगर?"

पोचू भामरागडकडे सासुरवाडीला जाऊन राहिला होता. त्याच्याकडे फोन नव्हता. पंधरा दिवसांत पावसाळा लागला असता, मग नाले भरले की तो रस्ता कधी बंद होईल याचा नेम नव्हता. जाफरने वेबसाइटची छापलेली पानं पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून पहिली एसटी धरली. "अब याद आई?" एवढंच शमसुन्निसा, त्याची बायको, दारातून म्हणाली. आष्टी गेलं, आलापल्ली गेली. पोचूशी काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता आणि मोडत होता.

भामरागडच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर पोचू उभा होता. हिवतापापासून बचाव कसा करावा, ते निळ्या अक्षरांत लिहीत होता. केस पांढरे झाले होते, पण ब्रश धरायची पद्धत तीच होती.

"जाफरभाऊ!" तो शिडीवरूनच ओरडला. "रस्ता चुकले का?"

झाडाखाली बसून जाफरने सगळं सांगितलं. जंगलाखाली तुझं नाव टाकतो, म्हणाला. पोचूने हात पुसले आणि एकेक पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग एका पानावर बोट ठेवलं.

"हा दरबार बी माहाच होय."

"दरबार?" जाफर ताठ झाला. "दरबार मी केला! मूल गावच्या गोडाऊनमंधी, आठ दिवस लागले मले."

"तुमाले ताप होता, भाऊ. तुम्ही बोऱ्यावर पडून होते. खांब मी उभे केले. उठल्यावर तुम्ही सोनेरी किनार मारली."

"खोटं नोको बोलू, पोचू!"

"मी कायले खोटं बोलू? मी थोडीच आलो तुमच्याकडं नाव मागाले."

जाफर तडक निघाला. एक द्यायला एवढ्या लांब आलो, तर हा दोन घेऊन बसला! थांब्यावर पोचल्यावर कळलं, परतीची गाडी सकाळीच. संध्याकाळी पोचूच तिथे आला आणि त्याची पिशवी उचलून चालू लागला. घरी भात आणि अंबाडीची भाजी होती. दोघं जेवले, पण पडद्यांचा विषय कोणी काढला नाही. जाफरला ताप आठवत होता, बोरा आठवत होता. खांब कोणी उभे केले, तेवढं मात्र आठवत नव्हतं.

सकाळी जाफर गाडीत चढत असताना पोचू खालून म्हणाला, "भाऊ, जंगलातला ओढा तुमचा होता. मले पाणी कधी जमलंच नाई."

जाफरने पान काढून पाहिलं. काळ्या-पांढऱ्या छपाईत ओढा नुसता एक फिकट पट्टा होता. आपला हात त्यात आहे की नाही, त्याला कळेना.

चंद्रपूरला उतरून तो घरी न जाता थेट क्लासमध्ये गेला. "पडद्यांच्या पानावर वरतं दोघांचंबी नाव टाक. पाट्या माह्या एकट्याच्या." दिव्यानीने तसं केलं आणि वेबसाइटचा पत्ता नागपूरला पाठवला. जाफर मात्र रोज यायचा, दरबाराचा फोटो मोठा करायला लावायचा, खांबांकडे पाहत बसायचा आणि चिडून निघून जायचा.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. पडदा दरबाराचा हवा होता, आणि खाली विचारलं होतं, दोघांपैकी कोण करणार?

"दोघं, असं लिही," जाफर म्हणाला. त्याने भामरागडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. तिसऱ्या दिवशी पोचू ब्रशांची पिशवी घेऊन दारात उभा होता.

अंगणात कापड ताणलं. पोचूने माप घेतलं नाही, सुतळी धरली नाही. कोळशाचा तुकडा घेऊन तो वाकला आणि एका दमात पहिला खांब वर नेला, मग दुसरा, खालून जाड, वर जाता जाता किंचित आत झुकलेला. रंग कापडाला धरावा म्हणून जाफर त्यात सरस कालवत होता. त्याचा हात थांबला. इतके दिवस तो ज्यांच्याकडे बघत बसला होता, ते खांब हेच होते.

"पोचू," तो म्हणाला, "ताप किती दिवस होता मले?"

"सहा दिवस, भाऊ."

जाफरने मान हलवली आणि रंगाची ताटली त्याच्या हाताशी सरकवली. संध्याकाळी क्लास बंद व्हायच्या आधी तो दिव्यानीकडे गेला आणि दरबाराखाली एकट्या पोचूचं नाव लिहून घेतलं. तिने विचारलं, आता पक्कं ना? तो हो म्हणाला, जिना उतरला, आणि अर्ध्या रस्त्यात उभा राहून उरलेले पडदे एकेक करून आठवू लागला.